नॅशनल पार्कात एक दिवस: आधी लेणी, मग तळं

मुंबईत नव्याने राहायला आलेल्या घरात दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न हमखास निघतो. गेटवे झाला, राणीची बाग झाली, जुहूला भेळ खाऊन झाली, आता रविवारी मुलांना न्यायचं कुठे? आम्ही कांदिवलीला राहतो. त्यामुळे गावाकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नॅशनल पार्क दाखवायचं खातं आपोआप माझ्याकडे आलंय. कागदोपत्री नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पण रिक्षावाल्याला एवढं लांबलचक नाव सांगू नका, 'नॅशनल पार्क' म्हणा, तो मीटर टाकेल.

नवे लोक एक चूक करतात. 'पार्क' ऐकून त्यांना बाग वाटते. दोन तासांत फिरून होईल, मग मॉलला जाऊ, असा बेत असतो. हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे. एक टोक बोरिवलीला, दुसरं ठाण्याच्या येऊरला, मध्ये डोंगर. एका दिवसात सगळं बघायला निघालात तर दुपारी दोनला सगळे एकमेकांवर वैतागलेले असतील. माझा हिशेब सोपा आहे: एक लांबची गोष्ट आणि एक जवळची, बस्स. लांबची म्हणजे कान्हेरीची लेणी, ती सकाळी. जवळची म्हणजे नावांचं तळं, ते जेवणानंतर. उलट केलंत की फसलात, कारण मुलं एकदा नावेत बसली की त्यांना पुन्हा डोंगर चढवणं कोणाच्या बापाला जमत नाही.

कोणतं तळं?

हे आधी सांगते, कारण यात दरवेळी घोळ होतो. उद्यानाच्या हद्दीत दोन मोठे तलाव आहेत, विहार आणि तुळशी. विहार १८६० मध्ये बांधून झाला, तुळशी १८७९ मध्ये. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांमधले हे आकाराने सगळ्यांत लहान दोघं. भातसा, तानसा, वैतरणा ही मोठी भावंडं लांब, ठाणे-नाशिककडच्या डोंगरांत. पावसाळ्यात 'तुळशी तलाव भरून वाहू लागला' अशी बातमी येते तो हाच. हे पिण्याचं पाणी असल्यामुळे तिथे सहलीला जाता येत नाही, परवानगी लागते. आडवाटेने कोणी नेतो म्हणाला तरी जाऊ नका. त्या पाण्यात मगरी आहेत.

आपण जायचं ते मुख्य प्रवेशद्वारापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं छोटं तळं. पायडल मारायच्या नावा, काठावर झाडं, बसायला जागा. पवईचा तलाव वेगळा, तो उद्यानाच्या बाहेर. तिथे संध्याकाळी काठाने फिरायला छान वाटतं, पण मगरी त्याही पाण्यात आहेत, आणि अख्खा दिवस घालवण्याइतकं लहान मुलांना तिथे काही नाही.

वार आणि हंगाम

सोमवारी उद्यान बंद असतं. हे मी अनुभवाने सांगतेय. सांगलीहून नणंदेचं कुटुंब आलं होतं, सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवून आम्ही सोमवारच धरला. आठ माणसं, तीन डबे, एक छत्री, आणि समोर बंद गेट. नणंद काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "वहिनी, तुम्ही इथंच राहता ना?" तेव्हापासून वार मी दोनदा बघते.

शनिवार-रविवार गर्दी असते. मुलांच्या शाळेला मधल्या वारी सुट्टी असेल तर तो दिवस सोन्याचा. महाशिवरात्रीला कान्हेरीला प्रचंड लोक येतात, त्या दिवशी नवख्यांनी जाऊ नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यांत सोयीचा काळ. मार्च-एप्रिलमध्ये पळस, पांगारा फुललेले असतात, पण कान्हेरीचा काळा दगड अकरानंतर तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात जंगल बघण्यासारखं असतं, लेण्यांच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत असतं, आणि नेमक्या त्याच पायऱ्यांवर शेवाळ असतं. आजी-आजोबा आणि पाच वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर जुलै-ऑगस्ट टाळाच. कारवीची जांभळी फुलं बघायची इच्छा असणाऱ्यांना मात्र थांबावं लागेल. ती आठ वर्षांतून एकदा फुलते, २०१६ ला फुलली, मग २०२४ ला.

डबा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दिवसाची गंमत आणि दिवसाचा गोंधळ दोन्ही डब्यातूनच निघतात.

आत खायला मिळतं, पण आठ माणसांचं पोट भरेल याची खात्री धरू नका. घरून न्या. रस्सा, आमटी, श्रीखंड हे नको. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, कापलेली काकडी. दही न्यायचंच असेल तर फिरकीच्या झाकणाच्या डब्यात. पाणी माणशी किमान एक लिटर, स्टीलच्या बाटलीत. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊच नका, आत त्यांना बंदी आहे आणि गेटवर पिशव्या तपासतात. कापडी पिशवी घ्या, आणि तिला चेन असलेली बरी.

चेन कशाला? माकडांसाठी. लाल तोंडाची माकडं इथे पिशवी बघून माणूस ओळखतात. त्यांना पुऱ्यांचा वास नंतर येतो, आधी कळतो तो पिशवीचा आवाज. माझ्या सासूबाई कान्हेरीच्या पायथ्याशी कट्ट्यावर बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी, तिचा बंद हाताला गुंडाळलेला. त्यांना वाटलं, एवढं पुरे. एक माकड समोर येऊन बसलं, अगदी पाहुण्यासारखं, इकडेतिकडे बघत. त्याच्याकडे आमचं लक्ष असताना दुसरं मागून आलं, पिशवीत हात घातला, बेसनाचे लाडू असलेला डबा उचलला आणि झाडावर गेलं. झाकण दोन्ही पायांत धरून त्याने ते असं सफाईने उघडलं की सासूबाई म्हणाल्या, "ह्याच्या घरी असाच डबा असणार." लाडू गेले, रिकामा डबा तेवढा वरून खाली आला.

तर नियम असे. खायला उघड्यावर, झाडाखाली बसायचं नाही, शक्यतो छप्पर असलेल्या जागी बसायचं. पिशवी जमिनीवर ठेवायची नाही. सगळ्यांचं खाणं एकाच पिशवीत नको, म्हणजे एक गेली तरी जेवण उरतं. माकडाने काही हिसकावलंच तर सोडून द्या, ओढाओढी केली की चावतात. आणि मुलांनी कितीही हट्ट केला तरी त्यांना बिस्कीट देऊ नका. आज तुमच्या मुलाने दिलेलं बिस्कीट उद्या दुसऱ्याच्या आजीच्या पिशवीतून वसूल होतं.

पोचायचं कसं

पश्चिम रेल्वेने बोरिवलीला उतरून पूर्वेला बाहेर पडा. तिथून रिक्षा, किंवा पंधरा-वीस मिनिटं चालत. चर्चगेट, दादरकडून येताना फलाटावर 'बोरिवली' लिहिलेली गाडी पकडा, विरार फास्ट नको. विरारच्या गाडीत बोरिवलीला उतरणं हे वेगळं शिक्षण आहे, मुलं आणि डबे घेऊन ते घेऊ नये.

मेट्रो जवळ असेल तर ती जास्त सोयीची. सात नंबरच्या मार्गावर 'राष्ट्रीय उद्यान' असंच स्थानक आहे, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर, गेटच्या अगदी जवळ. घाटकोपरकडून येणाऱ्यांनी एक नंबरच्या मेट्रोने वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्थानकावर उतरावं. तिथून पुलाने गुंदवलीला जायचं आणि सात नंबरची गाडी धरायची. मध्य रेल्वेवाल्यांना हा रस्ता फार बरा पडतो. दादरचा जिना वाचतो.

रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघायचा. मुंबईत नवे असाल तर हा शब्द पाठ करा. रविवारी रुळांची कामं काढतात आणि काही गाड्या रद्द होतात. बहुतेक वेळा सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीन-चार. म्हणजे लवकर जाऊन उशिरा निघणाऱ्याला त्याची झळ कमी बसते.

सकाळी साडेसातच्या सुमारास गेट उघडतं. आठपर्यंत आत असाल असा बेत करा. नऊनंतर रांग वाढते, आणि त्या रांगेत मुलांचा अर्धा उत्साह संपतो.

गेटवर

तिकिटं वेगवेगळी आहेत हे आधीच घरच्यांना सांगा, नाहीतर "परत पैसे?" हा प्रश्न दिवसभर ऐकाल. उद्यानाचं प्रवेश तिकीट वेगळं, कान्हेरीचं वेगळं, वाघ-सिंहाच्या सफारीचं वेगळं, नावेचं वेगळं. कान्हेरी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आत जसजसे जाल तशी फोनची रेंज जाते. म्हणून सुट्टे पैसे खिशात ठेवा, आणि चुकामूक झाली तर भेटायची एक जागा ठरवा. आमची जागा ठरलेली आहे, तळ्याचं तिकीटघर.

वनराणी, म्हणजे छोटी आगगाडी, हिच्याबद्दल मुलांना परस्पर कबूल करून बसू नका. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तिच्या रुळांची वाट लागली आणि ती बंद पडली होती. त्या दिवशी काय चालू आहे ते तिकीट खिडकीवर विचारा आणि मगच मुलांसमोर नाव काढा. सफारीचंही तसंच. जाळीच्या गाडीतून नेतात, वाघ पिंजऱ्याबाहेर आणि आपण पिंजऱ्यात. लहान मुलं असतील तर एकदा करा. मोठ्यांना त्यापेक्षा कान्हेरी बरी, असं माझं मत, आणि यावरून घरी वाद आहे.

सकाळ: कान्हेरी

गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. उद्यानाची बस मिळते, भरली की सुटते. भाड्याने सायकलीही मिळतात, पण जाताना चढ आहे. कॉलेजातली मुलं असतील तर ठीक. सात-आठ वर्षांचं पोरगं मागे घेऊन मी नाही सुचवणार. बसमध्ये बसायच्या आधी सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवा. 'मला नाही लागली' हे उत्तर ग्राह्य धरू नका.

रस्त्यात दहिसर नदी लागते. तुळशीच्या बाजूने निघणारी हीच नदी पुढे वस्तीत शिरल्यावर नाला होते. इथे ती अजून नदी आहे, खाली दगड दिसतात. मुलांना खिडकीतून दाखवा.

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास खोदकाम सुरू झालं आणि हजारेक वर्षं तिथे बौद्ध भिक्खूंचं राहणं चालू होतं. सगळी बघायचा प्रयत्न करू नका. तीन नंबरचं मोठं चैत्यगृह बघा. आत खांबांची रांग, शेवटी स्तूप, आणि बाहेरच्या व्हरांड्यात दोन टोकांना सुमारे सात-सात मीटर उंच बुद्धमूर्ती. मग अकरा नंबरचा दरबार हॉल, ज्यात दगडाची लांब बाकं जमिनीतूनच कोरून काढलीत. आजींना इथे बसवा, आत गार असतं.

आणि मग पाणी बघा. बहुतेक लोक मूर्तींसमोर फोटो काढून परततात, पण मुलांना खरी मजा पाण्यात येते. जवळपास प्रत्येक लेण्याच्या बाजूला खडकात खोदलेलं टाकं आहे. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हणतात. वरच्या कातळावर बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचं पाणी त्यांतून वाहत येऊन टाक्यात पडतं. पावसाळ्यानंतर गेलात तर मुलाला एका पन्हळीवर बोट ठेवायला सांगा आणि ती कुठे जाते ते बोटाने शोधत जायला लावा. माझा भाचा असा वाकून वाकून तीन लेणी मागे गेला, आणि टाक्यापाशी येऊन म्हणाला, "मामी, यांच्याकडे टाकी होती, पण मोटर नव्हती." त्याच्या सोसायटीत तेव्हा पाण्याची मोटर जळलेली होती. टाक्याच्या काठावर झुकू देऊ नका, कठडा नसतो आणि खोली दिसत नाही.

शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आणि गावं आहेत. सोपारा, कल्याण, नाशिक, पैठण. कल्याणहून लोक तेव्हाही इकडे येतच होते, फक्त दादरला गाडी बदलत नव्हते.

साडेअकरापर्यंत खाली उतरा. बूट चांगल्या पकडीचे हवेत. घासलेल्या चपला घालून आलेल्या मंडळींना त्या पायऱ्या दर वेळी धडा शिकवतात.

जेवण आणि एक डुलकी

गेटच्या बाजूला परत येऊन जेवा. वाटेत, गेटच्या आसपास आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. हंगामाप्रमाणे कैरी, आवळा, बोरं, करवंदं, ताडगोळे. उद्यानात आणि भोवताली वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत, ही मंडळी उद्यानाच्या आधीपासूनची. घासाघीस न करता घ्या. मीठ-मसाला लावलेली काकडी तिथेच खा, पान कचऱ्याच्या डब्यात टाका.

जेवणानंतर अर्धा तास कोणालाही हलवू नका.

दुपार: तळं

तीनच्या पुढे तळ्यावर जा. भर दुपारी नावेत छप्पर असलं तरी पाण्यावरून येणारं ऊन डोळ्यांत जातं. दोन माणसांच्या आणि चार माणसांच्या नावा असतात. वल्हं, सुकाणू काही शिकायला नको. पाय चालवायचे आणि मधला दांडा फिरवायचा.

तरी थोडी अक्कल लागते. पायडल मारणारे दोघं साधारण एकाच ताकदीचे बसवा. बाबा आणि सहा वर्षांची मुलगी बसली की मुलीचे पाय पायडलला पोचत नाहीत आणि बाबा एकटेच घाम गाळतात. मुलांना मागे किंवा मधे ठेवा, मोठे दोघं पुढे. जाकीट सगळ्यांनी घालायचं, 'मला पोहता येतं' म्हणणाऱ्या काकांनी आधी. पट्टा लावल्यावर खांद्यापाशी धरून वर ओढून बघा. जाकीट कानापर्यंत येत असेल तर ते सैल आहे, लहान मापाचं मागा. नावेत उभं राहायचं नाही, जागा बदलायची नाही, हात पाण्यात सोडायचा नाही. फोन खिशात नको, काठावर थांबणाऱ्याकडे द्या. काठावर कोणीतरी थांबणारच असतं, आमच्याकडे त्या सासूबाई. त्या नावेत बसत नाहीत, पण कोणाची नाव कुठे अडकली याचं समालोचन पूर्ण करतात.

तळ्याच्या मध्यावर पाच मिनिटं पायडल थांबवा. नाव आपोआप हळूहळू वळते. काठाच्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला दिसेल, ओल्या छत्रीसारखा. खंड्या दिसतो तो निळ्या रेषेसारखा, सरळ पाण्यात. वरच्या झाडांवर शेपट्या सोडून बसलेली काळ्या तोंडाची वानरं. पोरांना आवाज कमी करायला सांगायचा तो इथे, आणि इथे ती ऐकतात.

बिबट्या

विचारणारच आहात, म्हणून सांगते. हो, आहेत. चाळीस-पन्नासच्या आसपास. वाघोबाचं देवस्थान आणि पूजा इथल्या पाड्यांवर आजही आहे. दिवसा गर्दीच्या वाटेवर तुम्हाला तो दिसण्याची शक्यता फार कमी, तुम्ही त्याला दिसण्याची बरीच जास्त. मुख्य रस्ता सोडू नका. लहान मूल एकटं मागे किंवा पुढे राहणार नाही असं बघा. झाडीच्या कडेला मुलाला शू-शीला बसवू नका, खाली बसलेलं छोटं माणूस त्याला वेगळंच काहीतरी वाटू शकतं. शिलोंड्यासारख्या आतल्या पायवाटांवर जायचं असेल तर निसर्ग माहिती केंद्रात विचारून, त्यांच्या माणसाबरोबर. तो बेत वेगळ्या दिवसाचा.

परतताना

साडेपाचला बाहेर पडायला लागा, अंधाराची वाट बघू नका. गेटपाशी मुलांचे खिसे तपासा. बिया, पिसं, रंगीत दगड निघतीलच. ते तिथेच परत ठेवायला लावा, उद्यानातून काही उचलून न्यायला मनाई आहे. रडारड होते. त्यासाठी एक चिक्की राखून ठेवावी, पिशवीच्या तळाशी, माकडांनाही सापडणार नाही अशी.

दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी बोरिवलीहूनच सुटणारी चर्चगेटची गाडी बघा, दोन गाड्या सोडल्या तरी चालतील. तिच्यात बसायला मिळतं. मुलांना खिडकी दिलीत तर ती गोरेगाव यायच्या आत झोपतात. तेव्हा उतरायच्या दोन स्टेशनं आधी बूट घालायला सुरुवात करा.